इमारत-खर्चाचे घटकनिहाय विश्लेषण

इमारतीचा एकूण बांधकाम-खर्च पाया, सांगाडा, छप्पर, बाह्य भिंती, खिडक्या, पाणीपुरवठा यांसारख्या तिच्या कार्यानुसार पडणाऱ्या भागांत वाटून प्रत्येक भागाचा खर्च दर चौ. मी. मजला-क्षेत्रफळामागे मांडण्याच्या पद्धतीस घटकनिहाय विश्लेषण म्हणतात. पूर्वी बांधलेल्या इमारतींच्या अशा विश्लेषणांवरून नियोजित इमारतीची खर्चमर्यादा आराखडा पूर्ण होण्यापूर्वीच ठरविणे, ती निरनिराळ्या घटकांना वाटून देणे आणि आराखडा जसजसा तयार होईल तसतसा तो या वाटणीशी ताडून पाहणे, या सर्व क्रियेस घटकनिहाय खर्च-नियोजन अशी संज्ञा आहे. येथे मजला-क्षेत्रफळ म्हणजे बाह्य भिंतींच्या आतील सर्व मजल्यांचे मिळून होणारे क्षेत्रफळ होय.

घटक म्हणजे इमारतीचा असा प्रमुख भाग, की जो कोणत्याही इमारतीत तेच कार्य करतो. तो कोणत्या सामग्रीचा आहे किंवा कोणत्या कारागिराने केला आहे, ही बाब गौण असते. ऊन, पाऊस, वारा व आवाज यांना अटकाव करणे हे बाह्य भिंतीचे कार्य आहे. ती विटांची असो, जांभ्या दगडाची असो, काँक्रीटच्या ठोकळ्यांची असो वा काचेची असो, विश्लेषणात ती ‘बाह्य भिंत’ याच शीर्षाखाली येते. त्यामुळे विटांच्या शाळेची काचेच्या कार्यालयाशी तुलना करणे शक्य होते आणि एकाच कार्यासाठी दोन ठिकाणी किती पैसा लागला, हे कळते. भिंतीच्या बाहेरील गिलावा व रंग हे बाह्य भिंतीत धरतात. आतील बाजूचा गिलावा मात्र ‘आतील सफाईकाम’ या घटकात जातो, कारण तो खोलीसाठी केलेला असतो.

अंदाजपत्रकाची रूढ पद्धत याहून वेगळी आहे. तीत खोदकाम, काँक्रीटकाम, विटकाम, लाकूडकाम, गिलावा, रंगकाम अशी कामांच्या जातींनुसार विभागणी असते. कंत्राटदाराच्या दृष्टीने ती सोयीची असते. त्याला विटा एकत्र विकत घ्यावयाच्या असतात आणि गवंड्यांना मजुरी एकत्र द्यावयाची असते. आराखडा करणाऱ्या वास्तुशिल्पज्ञाला मात्र तिचा फारसा उपयोग होत नाही. ‘विटकाम’ या शीर्षाखालील रकमेत पायातील भिंती, बाह्य भिंती, खोल्यांमधील विभाजक भिंती, गच्चीचे कठडे आणि सांडपाण्याच्या नळांवरील तपासणी-हौद या सर्वांच्या विटा एकत्र आलेल्या असतात. विटकाम अपेक्षेपेक्षा महाग झाले एवढेच त्यावरून समजते; इमारत फार लांबट आखल्यामुळे ते महागले, की खोल्या लहान लहान केल्यामुळे, की जमीन उताराची असल्यामुळे, हे समजत नाही. पहिल्या दोन कारणांवर पेन्सिल हातात असेपर्यंत उपाय करता येतो. निविदा उघडल्यावर तो करावयाचा, तर आराखडाच नव्याने काढावा लागतो.

जुन्या पद्धतीत खरी अडचण येथेच होती. आराखडे, तपशीलवार नकाशे व परिमाणपत्रक तयार झाल्यावर निविदा मागविल्या जात व खर्च किती येणार, हे त्या वेळी प्रथमच निश्चितपणे कळे. तो हाताबाहेर गेला, तर काटछाट करावी लागे आणि ती इमारतीत सर्वांत शेवटी येणाऱ्या गोष्टींवर पडे. पाया, सांगाडा, भिंतींची मांडणी ही एकमेकांत गुंतलेली असल्याने त्यांना हात लावणे अवघड जाई. भिंतीतील कपाटे, चांगली फरशी, दर्जेदार रंग, आवाज शोषणारे छत, आवारातील झाडे या गोष्टी मात्र सहज खोडून टाकता येत. परिणामी इमारतीच्या आकारातील उधळपट्टी तशीच राही आणि ती वापरणाऱ्यांच्या रोजच्या सोयींना कात्री लागे.

इतिहास : ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ब्रिटनमध्ये आणि मुख्यतः शाळांच्या बांधकामातून आकारास आली. तेथे क्वांटिटी सर्व्हेअर हा स्वतंत्र व्यवसाय पूर्वीपासून रुजलेला होता. नकाशांवरून सर्व कामांची मोजमापे काढून परिमाणपत्रक तयार करणे हे त्याचे काम. मोजमापाच्या प्रमाणभूत पद्धतीचे पहिले पुस्तक १९२२ साली प्रसिद्ध झाले होते. तथापि त्यातील रचना कामांच्या जातींनुसारच होती व सर्व्हेअरचा सहभाग आराखडा पुरा झाल्यानंतर सुरू होई.

युद्धात बॉम्बवर्षावाने अनेक शाळा उद्ध्वस्त वा निकामी झाल्या होत्या. १९४४ च्या शिक्षण कायद्यान्वये सक्तीच्या शिक्षणाची वयोमर्यादा १९४७ मध्ये १५ वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. युद्धोत्तर काळात जननप्रमाणही वाढले. लाकूड, पोलाद व कुशल कारागीर या तिन्हींचा तुटवडा असताना लक्षावधी मुलांसाठी जागा उभ्या करावयाच्या होत्या. लंडनच्या उत्तरेकडील हार्टफर्डशर परगण्यात सी. एच्. ॲस्लिन यांच्या वास्तुविभागाने कारखान्यात बनविलेल्या हलक्या पोलादी सांगाड्याच्या शाळा उभारून या कामी आघाडी घेतली होती. त्या विभागातील स्टिरॅट जॉन्सन-मार्शल हे १९४८ मध्ये शिक्षण मंत्रालयात मुख्य वास्तुशिल्पज्ञ म्हणून गेले व पुढील वर्षी तेथे वास्तुशिल्पज्ञ, प्रशासक व शिक्षणतज्ञ यांची एकत्रित शाखा स्थापन झाली. तीत सामील झालेले क्वांटिटी सर्व्हेअर जेम्स निस्बेट यांच्याकडे घटकनिहाय खर्च-नियोजनाच्या पद्धतीचे श्रेय प्रामुख्याने दिले जाते.

मंत्रालयाने खर्चाची मर्यादा इमारतीच्या चौरस फुटावर न बसविता विद्यार्थ्याच्या जागेवर बसविली, ही यातील कळीची गोष्ट होय. १९५० च्या कार्यक्रमासाठी प्राथमिक शाळेत प्रत्येक विद्यार्थ्यामागे १७० पौंड व माध्यमिक शाळेत २९० पौंड अशी मर्यादा ठरविण्यात आली; १९५१ साठी ती अनुक्रमे १४० व २४० पौंडांवर आणण्यात आली. मर्यादा चौरस फुटाला असती, तर मोठी इमारत बांधणाऱ्यास मोठी रक्कम मिळाली असती आणि काटकसर करावयाची ती केवळ हलक्या सामग्रीतून झाली असती. विद्यार्थ्यामागे मर्यादा घातल्यामुळे क्षेत्रफळ हाच प्रश्नाचा विषय झाला. पूर्वीच्या शाळांचे विश्लेषण केल्यावर लांबच लांब मार्गिका, स्वतंत्र भोजनगृहे व सभागृहे, गरजेपेक्षा उंच मजले यांत बराच पैसा जातो, असे दिसून आले. मार्गिका आखडत्या घेणे, एकच दालन निरनिराळ्या वेळी भोजनासाठी व सभेसाठी वापरणे असे उपाय त्यातून पुढे आले. वर्गांतील अध्यापनाची जागा मात्र शक्यतो कमी करावयाची नाही, असे धोरण होते. वाचलेल्या पैशाला कोठून हात लावावयाचा व कोठून नाही, याची निवड प्रथमच आकड्यांसमोर बसून करता आली.

ही पद्धत मंत्रालयाने १९५१ मध्ये ‘कॉस्ट स्टडी’ या नावाच्या चौथ्या इमारत-पत्रिकेतून प्रसिद्ध केली. मंत्रालयाने स्वतः हाती घेतलेल्या वोकिंगॅम येथील माध्यमिक शाळेसारख्या प्रयोगांतून ती वापरून दाखविण्यात आली. पुढे १९६२ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेअर्स या संस्थेने इमारत-खर्चाची माहिती गोळा करून सभासदांना पुरविणारी स्वतंत्र सेवा सुरू केली व १९६९ मध्ये विश्लेषणाचा प्रमाणित नमुना ठरविला. या नमुन्यात पुढे अनेक सुधारणा झाल्या. २००९ मध्ये त्याच संस्थेने काढलेल्या मोजमापाच्या नव्या नियमांचा पहिला खंडच प्राथमिक अंदाज व घटकनिहाय नियोजन यांस वाहिलेला आहे. परिमाणपत्रकेही घटकवार रचावीत, असा प्रयत्न मधल्या काळात झाला. पण एकाच जातीचे काम दहा ठिकाणी विखुरल्याने दर भरणे जिकिरीचे होते, म्हणून कंत्राटदारांना तो रुचला नाही.

गणिताची रीत : प्रत्येक घटकाचा खर्च दोन प्रकारे मांडतात. घटकाच्या एकूण खर्चास इमारतीच्या मजला-क्षेत्रफळाने भागले असता ‘घटकखर्च’ मिळतो. घटकाच्या स्वतःच्या परिमाणाने, उदा., बाह्य भिंतीच्या क्षेत्रफळाने भागले असता ‘घटकदर’ मिळतो. समजा, १,००० चौ. मी. मजला-क्षेत्रफळाच्या इमारतीत ७०० चौ. मी. बाह्य भिंत आहे व तिला ४२ लाख रु. लागले. येथे घटकदर दर चौ. मी. भिंतीस ६,००० रु. व घटकखर्च दर चौ. मी. मजल्यास ४,२०० रु. होय. भिंत व मजला यांच्या क्षेत्रफळांचे ०·७ हे गुणोत्तर या दोहोंना जोडते. दोन इमारतींचा घटकखर्च भिन्न असला, तर फरक दरात आहे की गुणोत्तरात, हे लगेच शोधता येते. दरातील फरक सामग्रीच्या निवडीमुळे पडतो, गुणोत्तरातील फरक आकारामुळे. या पद्धतीचे बहुतेक सामर्थ्य या एका वेगळेपणात आहे.

आकाराचा परिणाम किती मोठा असतो, हे साध्या उदाहरणावरून कळेल. ४०० चौ. मी. ची एकमजली इमारत २० मी. × २० मी. अशी चौरस बांधली, तर तिची परिमिती ८० मी. होते. १० मी. × ४० मी. केल्यास ती १०० मी. व ५ मी. × ८० मी. केल्यास १७० मी. होते. मजल्याची उंची ३ मी. धरल्यास भिंत व मजला यांची गुणोत्तरे अनुक्रमे ०·६०, ०·७५ व १·२७५ येतात. म्हणजे त्याच विटा, तोच गवंडी व तोच दर असूनही शेवटच्या इमारतीला पहिलीच्या दुपटीहून अधिक बाह्य भिंत लागते. यावरून चौरस इमारत नेहमी श्रेयस्कर असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. २० मी. खोल इमारतीच्या मध्यभागी उजेड व वारा पोहोचत नाही आणि भिंतीत वाचलेला पैसा दिव्यांत व पंख्यांत जातो. कोकणासारख्या दमट प्रदेशात तर आरपार वारा खेळण्यासाठी अरुंद इमारतच योग्य ठरते. विश्लेषण निर्णय देत नाही. निर्णयाची किंमत दाखविते.

मजल्यांच्या संख्येचेही असेच आहे. वरील ४०० चौ. मी. जागा १० मी. × २० मी. च्या दोन मजल्यांत बसविल्यास छताचे क्षेत्रफळ निम्म्यावर येते व पायाची लांबी घटते. उलट बाह्य भिंतीचे गुणोत्तर ०·६० वरून ०·९० होते, जिना वाढतो व मधला मजला वाहून नेणारा सांगाडा लागतो. मजले आणखी वाढवीत गेल्यास उद्‌वाहन, अग्निशमनाची साधने, पाणी वर चढविणारे पंप व वाऱ्याचा जोर सहन करणारा सांगाडा यांचा खर्च चढत जातो. मजल्याची उंची ३ मी. ऐवजी ३·६ मी. केली, तर भिंती, त्यांवरील गिलावा व रंग, उभे नळ, खांब व जिने हे सर्व सुमारे एकपंचमांशाने वाढतात; मजला-क्षेत्रफळात मात्र एका चौरस मीटरचीही भर पडत नाही.

जुन्या विश्लेषणावरून नव्या इमारतीचा घटकखर्च काढताना तीन दुरुस्त्या कराव्या लागतात : काळाची, परिमाणाची व दर्जाची. समजा, जुन्या शाळेत बाह्य भिंतीचा घटकखर्च ३,००० रु. होता, त्यानंतर बांधकाम-खर्चाचा निर्देशांक १२० वरून १५० झाला आणि नव्या आराखड्यात भिंतीचे गुणोत्तर ०·६० ऐवजी ०·७५ आहे. नवा घटकखर्च ३,००० × (१५०/१२०) × (०·७५/०·६०) म्हणजे सुमारे ४,६८८ रु. येतो. यावर विटांऐवजी घडीव दगड वापरावयाचा असेल, तर घटकदरातील फरक निराळा मिळवावा लागतो. सर्व घटक या रीतीस सारखेच दाद देत नाहीत. फरशी, रंग, छप्पर हे क्षेत्रफळाच्या प्रमाणात बदलतात. पाया मात्र जमिनीच्या मर्जीवर असतो. दख्खनच्या पठारावर मुरमाच्या किंवा काळ्या पाषाणाच्या थरावर पाया उथळ घेता येतो. काही अंतरावरच्या काळ्या मातीत मात्र ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आक्रसते, म्हणून खोल जावे लागते किंवा तळाशी फुगीर केलेल्या काँक्रीटच्या स्थूणा वापराव्या लागतात. अशा ठिकाणी शेजारच्या गावातील इमारतीचे आकडे उचलणे धोक्याचे असते; जमिनीची परीक्षा करण्यास पर्याय नाही.

खर्च-नियोजनाचे स्वरूप : नियोजनास तीन गोष्टी लागतात : मर्यादा व तिची वाटणी, वाटणीशी ताडून पाहण्याची सोय आणि फरक आढळल्यास उपाय करण्याइतका वेळ. यांपैकी तिसरी गोष्ट व्यवहारात सर्वाधिक दुर्लक्षिली जाते. पुढील कल्पित उदाहरणातील आकडे केवळ रीत स्पष्ट करण्यासाठी घेतले आहेत. १,००० चौ. मी. च्या दुमजली शाळेसाठी २ कोटी ४० लाख रु., म्हणजे दर चौ. मी. स २४,००० रु. मर्यादा आहे. तिची वाटणी अशी केली : पाया २,६००, सांगाडा व मधला मजला ५,४००, छप्पर १,५००, जिने ४००, बाह्य भिंती १,९००, खिडक्या व बाहेरील दारे २,३००, आतील भिंती व दारे १,४००, सफाईकाम व फरशी ३,२००, बसविलेले सामान ५००, पाणीपुरवठा व स्वच्छता १,३००, वीज १,९००, आवारातील कामे ८०० आणि अनपेक्षित बाबींसाठी राखीव ८०० रु. आराखडा अर्धवट असताना जमिनीच्या परीक्षेत काळी माती खोलवर असल्याचे आढळले व पायाचा घटकखर्च ३,३०० वर गेला. दर चौ. मी. स ७०० रु. कोठून तरी आणावयाचे आहेत.

जुन्या पद्धतीत ही वाढ निविदा उघडेपर्यंत कदाचित लक्षातच आली नसती. येथे वास्तुशिल्पज्ञ व सर्व्हेअर एकत्र बसून घटकांची यादी वाचतात. राखीव रकमेतून ३०० घेता येतात. ती संपूर्ण वापरणे शहाणपणाचे नसते, कारण अद्याप बांधकाम सुरूही झालेले नाही. दोन अरुंद भुजा एकत्र आणून परिमिती कमी केल्यास बाह्य भिंतींत २५० वाचतात. मार्गिकांत ग्रॅनाइटऐवजी कोटा फरशी घातल्यास आणखी १५० मिळतात. खिडक्यांचा घटक मोठा असल्याने कात्री प्रथम तिकडे वळते. परंतु त्यातील रुपया कमी करणे म्हणजे फळ्यावर पडणारा उजेड कमी करणे होय, म्हणून त्याला हात लावलेला नाही. खर्चाची मर्यादा पाळली गेली व तिची झळ कोणाला बसावी, हेही ठरवून केले गेले.

वरील रीतीत मर्यादा आधी व आराखडा नंतर येतो. ब्रिटनमध्ये याला समांतर अशी दुसरी, तुलनात्मक पद्धतही निघाली. तीत आराखड्याचे अनेक पर्याय काढून प्रत्येकाची किंमत शेजारी शेजारी मांडतात व मालकाने निवड करावयाची असते. सार्वजनिक पैशाच्या कामांत पहिली व खासगी कामांत दुसरी अधिक उपयोगी पडते. प्रत्यक्षात दोहोंचे मिश्रणच वापरात आहे.

मर्यादा : काही भागांचे कार्य एकच नसते. भारवाही भिंतींच्या इमारतीत भिंत हीच सांगाड्याचेही काम करते. अशा इमारतीची प्रबलित काँक्रीटच्या सांगाड्याच्या इमारतीशी तुलना करताना सांगाडा व भिंती यांची बेरीज ताडून पाहावी लागते, एकेकटी रक्कम फसवी ठरते. जागेवरील कचेरी, पहारा, यारी, विमा, तात्पुरते रस्ते यांचा खर्च कोणत्याही एका घटकाचा नसतो. तो वेगळा दाखवितात किंवा सर्वांवर प्रमाणात वाटतात. विश्लेषणे मुख्यतः निविदेतील दरांवरून केलेली असतात; कंत्राटदाराने सुरुवातीला पैसे हाती यावेत म्हणून खोदकामाचे दर चढवून व रंगकामाचे उतरवून भरले असतील, तर पाया महाग व सफाईकाम स्वस्त भासते. म्हणून एका इमारतीच्या आकड्यांवर विसंबणे योग्य नसते.

सर्वांत गंभीर दोष निराळाच आहे. घटकखर्च हा इमारत उभी राहीपर्यंतचा खर्च असतो. सपाट छप्पर व पातळ आवरणे वापरून युद्धोत्तर ब्रिटिश शाळा मर्यादेत बसल्या, पण त्यांतील अनेकांची गळती, उष्णता टिकवून न धरणे व दुरुस्ती यांचे ओझे पुढील पिढ्यांवर पडले. स्वस्त व अग्निरोधक म्हणून भिंतींत व छतांत वापरलेले ॲस्बेस्टॉस आरोग्यास घातक असल्याने १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये त्यावर संपूर्ण बंदी आली. तथापि जुन्या शाळांत ते राहिलेच व ते सांभाळण्याचा वा काढण्याचा खर्च कोणत्याही मूळ विश्लेषणात नव्हता. म्हणून आता प्रत्येक घटकासमोर त्याचे आयुष्य, देखभाल व बदली यांचाही खर्च मांडण्याकडे कल आहे.

अन्य देश : जर्मनीत डीआयएन २७६ हे बांधकाम-खर्चाच्या विभागणीचे मानक १९३४ पासून असून त्यात बांधकामाचा ३०० व यंत्रसामग्रीचा ४०० असे क्रमांकित गट आहेत, ३३० खाली बाह्य भिंती, ३६० खाली छपरे येतात. अमेरिकेत १९७० च्या दशकात युनिफॉरमॅट ही घटकवार विभागणी पुढे आली व १९९३ मध्ये तिचे राष्ट्रीय मानक झाले. परंतु कामांच्या जातींनुसार रचलेली मास्टरफॉरमॅट ही विभागणीही तेथे विनिर्देशांसाठी वापरात राहिली.

भारतातील स्थिती : भारतात सार्वजनिक बांधकामाचे अंदाजपत्रक परंपरेने दरसूचीवर आधारलेले असते. प्रत्येक बाबीचे परिमाण काढून त्यास दरसूचीतील दराने गुणतात व बाबी खोदकाम, काँक्रीट, विटकाम अशा उपशीर्षांखाली एकत्र करतात. मोजमापासंबंधीचे आयएस १२०० हे भारतीय मानकही खोदकाम, काँक्रीटकाम, विटकाम, दगडकाम अशा भागांतच प्रसिद्ध झालेले आहे. प्राथमिक अंदाजासाठी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग जोत्याच्या क्षेत्रफळावरील दर ठरवितो. ते १९९२, २००७, २०१२ व त्यानंतरही सुधारण्यात आले आहेत. या दरांत मजल्याची जादा उंची, अधिक खोल पाया, स्थूणांचा पाया यांसाठी वेगळी भर व पाणीपुरवठा, वीज इत्यादींसाठी टक्केवारी दिलेली असते. घटकांचा विचार येथे बीजरूपाने आहे, असे म्हणता येईल. पण इमारत लांबट की आटोपशीर, तिच्या भिंतीत खिडक्या किती, या प्रश्नांना जोत्याच्या दरात स्थान नाही. ५ मी. व २० मी. रुंदीच्या वरील दोन्ही इमारतींना हा दर जवळजवळ सारखाच अंदाज देईल. पूर्ण झालेल्या कामांची अंतिम देयके उपशीर्षांनुसार जतन केली जात असल्याने त्यांतून घटकखर्च काढावयाचा तर मोजमाप-पुस्तिका पुन्हा उलगडाव्या लागतात. मोठ्या खासगी प्रकल्पांत मात्र सल्लागार सर्व्हेअरांमार्फत घटकनिहाय नियोजन केले जाते.

संगणकीय त्रिमितीय प्रतिमानांमुळे हे काम सुकर झाले आहे. प्रतिमानात भिंत ही रेषा म्हणून न काढता ‘भिंत’ म्हणूनच नोंदलेली असते. त्यामुळे ती सरकविताच तिचे क्षेत्रफळ, गुणोत्तर व खर्च लगेच बदलून मिळतात. मात्र बाहेरील व आतील भिंत असा भेद प्रतिमान करणाऱ्याने नोंदविलेला नसेल, तर यंत्रास तो आपोआप कळत नाही. खर्चाबरोबरच सामग्रीच्या निर्मितीत व बांधकामात वातावरणात सोडल्या जाणाऱ्या कार्बनाचा हिशेबही आता याच घटकांनुसार मांडला जातो; त्याविषयीची ब्रिटिश सर्व्हेअर-संस्थेची नियमावली २०१७ मध्ये प्रथम व २०२३ मध्ये सुधारून प्रसिद्ध झाली. या हिशेबात पाया व सांगाडा यांतील सिमेंट व पोलाद यांचा वाटा सहसा सर्वांत मोठा असतो.